जिभेखालची गाठ आणि दोनदा काढलेलं पाणी

बाळ आमच्याकडे आलं तेव्हा ९ महिन्यांचं होतं आणि निदान त्याच्या फाइलमध्ये आधीच लिहिलेलं होतं. तिसऱ्या महिन्यातल्या कागदावर 'रॅन्युला' (जिभेखाली लाळ साठून होणारी गाठ), पाचव्या महिन्यातल्या कागदावर 'रॅन्युला, पुन्हा भरला'. दोन्ही वेळा सुईनं पाणी काढलं होतं, दोन्ही वेळा गाठ बसली होती आणि दहा-बारा दिवसांत पुन्हा होती तशी झाली होती. काढलेल्या पाण्याचं काय केलं, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "बेसिनमध्ये ओतलं." तपासणीला काही पाठवलं नव्हतं. (बाळाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आईची मुख्य तक्रार गाठीची नव्हतीच. तक्रार दुधाची होती. "पाच मिनिटं ओढतो, मग दमतो, सोडून देतो आणि परत भुकेनं रडतो." उताणा झोपवला की घशात घरघर, कुशीवर वळवला की बंद. वरचं खाणं सुरू केलं तर घास जिभेनं पुढे ढकलून बाहेर. जन्माचं वजन ३.१ किलो, म्हणजे मधल्या रेषेच्या जरासंच खाली. आता ७.४ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ९ महिन्यांच्या मुलाचं मधलं वजन ८.९ किलो आहे आणि तिसऱ्या शततमकाची रेषा, म्हणजे शंभरातली तीनच मुलं जिच्या खाली असतात ती, ७.२ वर आहे. रेषा ओलांडत ओलांडत बाळ तळाशी आलं होतं. वजनाचा आलेख कुणी सलग काढलाच नव्हता. प्रत्येक वेळी त्या दिवसाचा आकडा लिहिला होता, तेवढंच.

सोबत आलेल्या आजींचं मत वेगळं होतं. जीभ खालून चिकटलेली आहे, दोरी कापली की सुटेल. मत अगदीच टाकाऊ नव्हतं, कारण जीभ खरोखरच बाहेर येत नव्हती. फक्त तिला खाली कुणी ओढत नव्हतं, खालून काहीतरी वर उचलत होतं.

बोटांनी काय कळलं

जिभेखाली मधोमध, किंचित डावीकडे झुकलेला, सुपारीपेक्षा मोठा उंचवटा. वरची त्वचा गुलाबी, एका जागी पांढुरका व्रण. तो सुयांचा. रंगात निळसर झाक नाही. बॅटरी लावली तर उजेड आरपार जेमतेम गेला. एक बोट तोंडात आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली, असं दोन्हीकडून धरून पाहिलं तर गाठ गुळगुळीत, ताणलेली, दुखरी नाही. हनुवटीखाली मात्र फुगवटा नाही. बाळ रडलं तेव्हा आकार बदलला नाही.

या एवढ्याशा तपासणीतच बरीच नावं गळतात. रडताना फुगणारी, दाबल्यावर रिकामी होऊन परत भरणारी गाठ शिरांच्या जाळ्याची असते. लसवाहिन्यांचा, म्हणजे लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांचा, दोष असेल तर गाठ बहुधा अनेक कप्प्यांची असते आणि जिभेच्या पृष्ठभागावर बारीक फोडांचा शिडकावा दिसतो. डर्मॉइड गाठ, म्हणजे आत अडकलेल्या त्वचेची पिशवी, मध्यरेषेत असते, कणकेसारखी लागते, कधी बोटाचा खळगा उरतो. रॅन्युला सहसा एका बाजूला असतो, निळसर आणि अर्धपारदर्शक. त्याचं नावच बेडकासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलं आहे, बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखा दिसतो म्हणून. आमच्या बाळाची गाठ मध्यरेषेत होती आणि निळी नव्हती. तरीही दोन कागदांवर रॅन्युला, कारण जिभेखाली पाणी भरलेली गाठ दिसली की पहिला शब्द तोच सुचतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

तान्ह्या बाळांच्या तोंडातल्या बहुतेक गाठींना हात लावायची गरज नसते, हेही इथेच सांगतो. टाळूच्या मध्यरेषेवरचे पांढरे मोती, ज्यांना एपस्टाइनचे मोती म्हणतात, आणि हिरड्यांवरच्या तशाच पुळ्या काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप जातात. दात येताना हिरडीवर उठणारा निळा फुगाही दात वर आला की फुटून संपतो. पालक मध्यरात्री फोटो पाठवतात तो बहुधा यांचाच. या प्रकरणातली गाठ त्या घरातली नव्हती.

पाण्याचा पत्ता

रॅन्युला खरं तर सिस्टच नाही. जिभेखालच्या लाळग्रंथीतून लाळ झिरपून बाजूच्या मऊ ऊतींत साठते आणि शरीर तिच्याभोवती तात्पुरती भिंत घालतं. त्या भिंतीला स्वतःचं अस्तर नसतं. पाणी येतं ग्रंथीतून, म्हणून पक्का उपाय म्हणजे ती ग्रंथी काढणं. खऱ्या सिस्टचं उलट. तिला आतून पेशींचं अस्तर असतं आणि ते अस्तरच पाणी, श्लेष्मा किंवा केराटिनचा (त्वचेतल्या कठीण प्रथिनाचा) लगदा तयार करतं. तिथे ग्रंथी काढून काही साधत नाही, अस्तर सगळं काढावं लागतं. सुईनं पाणी काढणं दोन्ही ठिकाणी सारखंच निरुपयोगी. नळ चालू ठेवून बादली उपसण्यासारखं. एकच अपवाद: श्वास कोंडत असेल तर सुई जीव वाचवते आणि तेव्हा ती वापरावीच.

बेसिनमध्ये गेलेलं पाणी काही सांगू शकलं असतं का? थोडंफार. लाळेत अमायलेज हे पिष्ट पचवणारं विकर असतं, म्हणून रॅन्युलाच्या द्रवात ते भरपूर सापडतं. पण अगदी लहान बाळाच्या लाळेत मुळातच अमायलेज कमी असतं, ते पहिल्या वर्षात हळूहळू वाढतं. त्यामुळे तीन महिन्यांच्या बाळात आकडा कमी आला म्हणून रॅन्युला नाही, असं छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. तरी द्रवाचा चिकटपणा, रंग, त्यातल्या पेशी, काहीतरी हाती लागलं असतं.

पहिली तपासणी सोनोग्राफी. भूल नको, किरण नकोत, बाळ आईच्या मांडीवर. एकच कप्पा, २६ मिलिमीटर, आत बारीक कण तरंगणारा द्रव, रक्तप्रवाह नाही. थायरॉइड मानेत जागेवर. हे शेवटचं आम्ही मुद्दाम पाहायला सांगितलं होतं. जिभेच्या मुळाशी थायरॉइडच्या वाटेवर तयार होणारी सिस्ट असते, कधी तर थायरॉइडच तिथे बसलेली असते. गाठ म्हणून काढली आणि ती बाळाची एकमेव थायरॉइड निघाली, तर आयुष्यभराची गोळी. आमची गाठ पुढे होती, शक्यता फारच कमी होती, पण प्रोब मानेवर आणखी एक मिनिट ठेवायला काय जातं! अहवालात आणखी एक ओळ होती: 'भिंत किंचित जाड, दोन थरांची वाटते.' ती मी वाचली आणि पुढे गेलो. त्या ओळीकडे परत यावं लागणार होतं.

एमआरआय झोपेचं औषध देऊन केला. या वयात त्याचा धोका असतोच, आणि लहान, वरवरच्या, त्रास न देणाऱ्या गाठीसाठी मी तो करणार नाही. इथे गाठीचा तळ कुठे आहे हे कळल्याशिवाय शस्त्रक्रिया करणं म्हणजे अंधारात हात घालणं होतं. तोंडाच्या तळाशी मायलोहायॉइड नावाचा स्नायू झोळीसारखा ताणलेला असतो. गाठ झोळीच्या वर असेल तर तोंडातून काढता येते. खाली उतरली असेल तर मानेवर छेद घ्यावा लागतो, कधी दोन्हीकडून जावं लागतं. आमची गाठ संपूर्ण वर होती, जिभेच्या दोन मुख्य स्नायूंच्या मधल्या फटीत: २८ गुणिले २२ गुणिले १९ मिलिमीटर, म्हणजे साधारण ६ मिली. जिभेखालच्या दोन्ही लाळग्रंथी नीट दिसत होत्या आणि गाठीपासून सुट्या होत्या. रॅन्युला इथेच बाद झाला.

मग काय? मी फाइलमध्ये लिहिलं: 'डर्मॉइड किंवा एपिडर्मॉइड.' (एपिडर्मॉइड म्हणजे तशीच, पण केस आणि तेलग्रंथी नसलेली पिशवी.) मध्यरेषा, एक कप्पा, ग्रंथीशी संबंध नाही. एमआरआयमध्ये डर्मॉइडमध्ये असतात तशा चरबीच्या गोळ्या दिसल्या नाहीत आणि एपिडर्मॉइडमध्ये अपेक्षित असतो तसा पाण्याच्या हालचालीला अडथळाही दिसला नाही, हे मनात खटकलं, पण मी तसंच दामटलं. डर्मॉइडही काही रोज भेटणारा नव्हे. मेयो क्लिनिकमधल्या १,४९५ डर्मॉइड गाठींचा न्यू आणि एरिक यांनी १९३७ साली मांडलेला हिशोब आजही उद्धृत होतो. त्यातल्या १०३ डोक्यात-मानेत होत्या आणि तोंडाच्या तळाशी फक्त २४. एका दुर्मीळ गाठीचं नाव लिहिलं की आपण पुरेसा विचार केला असं वाटतं. त्याहून दुर्मीळ काही असेल, इथवर मन जात नाही.

थांबायचं की काढायचं

वडिलांचा प्रश्न रास्त होता. कॅन्सर नाही, तर घाई कशाला? दोन वर्षांचा होऊ दे. आणि थांबणं हा काही वेळा खरोखरच उपचार असतो. तान्ह्या बाळाचा छोटा रॅन्युला काही महिन्यांत स्वतःहून फुटून जाऊ शकतो, त्यामुळे दूध आणि श्वास नीट असेल तर मी थांबतो. पण अस्तर असलेली सिस्ट आटत नाही. आणि इथे वजन घसरत होतं. एका रात्री बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून ठेवलं. जागेपणी ९८ टक्के, गाढ झोपेत उताणा असताना चार वेळा ९१ पर्यंत खाली. साधी सर्दी झाली असती तर हे आकडे आणखी पडले असते. वडिलांना मी आलेख आणि रात्रीची पट्टी दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तारीख द्या."

गाठीत औषध टोचून ती आकसवण्याबद्दलही त्यांनी विचारलं होतं. लसवाहिन्यांच्या दोषात तो चांगला मार्ग आहे, पण पूर्ण अस्तर असलेल्या सिस्टवर त्याची भिस्त ठेवता येत नाही. आणि गाठीचं छत कापून कडा शिवून ती उघडी ठेवण्याच्या पद्धतीत अस्तर तिथेच राहतं.

भूल

शस्त्रक्रियेपेक्षा अवघड भाग भुलीचा होता, आणि त्याचं श्रेय भूलतज्ज्ञ मॅडमना. जीभ वर आणि मागे ढकललेली, खाली गाठ, त्यात नऊ महिन्यांचा अरुंद घसा. स्नायू ढिले पडले की जीभ मागे पडणार आणि वाट बंद होणार. त्यामुळे बाळाचा स्वतःचा श्वास चालू ठेवूनच वायूची भूल, हळूहळू. नळी नाकातून घातली, म्हणजे तोंड आम्हाला मोकळं. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपवर (घशात पाहायच्या कॅमेऱ्याच्या उपकरणावर) स्वरयंत्र पहिल्या प्रयत्नात दिसलं. नाही दिसलं तर काय, हे आधीच ठरलेलं होतं: जाड सुईनं गाठ रिकामी करायची, जीभ खाली बसते, मग परत पाहायचं. तेही नाही जमलं तर कान-नाक-घसा सर्जन हातमोजे घालून बाजूला उभे होते. त्यांना त्या दिवशी काहीच करावं लागलं नाही. या प्रकरणातला माझ्या मते सर्वात चांगला क्षण तोच.

बाकी शस्त्रक्रिया सरळ होती, एक जागा सोडून. जिभेच्या टोकाला धाग्याचा टाका घेऊन ती वर ओढली. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना लाळनळ्यांची तोंडं असतात. त्यांत अश्रुनलिकेसाठी वापरतात तसली बारीक सळी सरकवून ठेवली, म्हणजे नळी कुठे आहे हे बोटाला लागत राहतं. नळीखालून जिभेची संवेदना-चेता वळसा घालून जाते, नळी सांभाळली की तीही सांभाळली जाते. दोन्ही तोंडांच्या मधून उभा छेद घेतला. गाठीची भिंत जाड आणि पांढरट, बोथट कात्रीनं ती बाजूच्या स्नायूपासून कांद्याच्या पातीसारखी सुटत आली. पुढच्या बाजूला मात्र नाही. सुया जिथे गेल्या होत्या तिथे भिंत वरच्या त्वचेला घट्ट चिकटली होती. सोडवायच्या प्रयत्नात ती फाटली आणि चिकट, ढगाळ द्रव बाहेर आला. या वेळी तो बेसिनमध्ये नाही, बाटलीत गेला. फाटलेली कड टाक्यानं बंद केली, त्वचेचा व्रणासकट लंबगोल तुकडा गाठीबरोबरच कापून घेतला आणि सिस्ट अखंड म्हणता येईल अशी काढली. रक्त ५ मिलीच्या आसपास. ७.४ किलोच्या बाळात एकूण रक्तच जेमतेम ६०० मिली असतं, त्यामुळे इथे मिलीलिटरचा हिशोब करावा लागतो. विरघळणारे टाके. निचऱ्याची नळी ठेवली नाही.

नाकातली नळी त्या रात्री तशीच ठेवायची की काढायची यावर आमची थोडी चर्चा झाली. शेवटी सूज कमी करायला डेक्सामेथासोन देऊन, बाळ पूर्ण जागं झाल्यावर काढली आणि रात्रभर अतिदक्षता कक्षात ठेवलं. सहा तासांनी ते आईला प्यायलं. आई नंतर म्हणाली, ते दमून सोडत नाहीये हे तिच्या लक्षातच आलं नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर पिता पिताच झोपलं होतं.

प्रयोगशाळेतून आलेला फोन

अहवाल येण्याआधी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. "तुम्ही पाठवलेलं सॅम्पल जिभेखालचंच आहे ना? डब्यांची अदलाबदल तर नाही?" मी विचारलं, का? "कारण मला जठर दिसतंय."

अस्तराचा बराचसा भाग तोंडात असतो तसा चपट्या पेशींचा होता, काही ठिकाणी श्वासनलिकेसारख्या केसाळ पेशी होत्या आणि एका पट्ट्यात चक्क जठराचं अस्तर, आम्ल करणाऱ्या पेशींसकट. खाली गुळगुळीत स्नायूचे थर. केस नाहीत, तेलग्रंथी नाहीत, म्हणजे डर्मॉइड नाही. निदान: फोअरगट डुप्लिकेशन सिस्ट, अन्नमार्गाच्या वरच्या भागाची एक जादा, बंद पिशवी. अशा पिशव्या बहुतेक पोटात, लहान आतड्याजवळ सापडतात. जिभेवर आणि तोंडाच्या तळाशी त्या अगदी क्वचित, आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त.

जठर जिभेखाली आलं कसं? गर्भाच्या चौथ्या आठवड्यात तोंडाची खोलगट जागा आणि अन्नमार्गाचं वरचं टोक यांच्यात एक पातळ पडदा असतो. तो विरतो आणि दोन्ही एक होतात. त्याच सुमारास जिभेचे वेगवेगळे उंचवटे वर येऊन एकमेकांत मिसळू लागतात. अन्नमार्गाच्या, अजून काय व्हायचं हे न ठरलेल्या काही पेशी त्या सांध्यात अडकून राहतात, असं मानलं जातं. पुढे त्यांनी जठर व्हायचं की श्वासनलिका, हे त्यांचं त्या ठरवतात. हे आईला सांगताना मी शिवणीचं उदाहरण दिलं: दोन कापडं जोडताना मध्ये तिसऱ्याच कापडाचा दोरा अडकावा तसं. तिनं लगेच विचारलं, "मी गरोदरपणात काही खाल्लं म्हणून?" नाही. कुणाच्या काही खाण्यानं हे होत नाही. हे वाक्य मी तिला दोनदा ऐकवलं, कारण पहिल्यांदा ते ऐकूच गेलं नव्हतं.

जठराचं अस्तर असल्यानं फरक काय पडतो? आम्लामुळे गाठीत आतून व्रण होऊ शकतो, रक्त येऊ शकतं, ती अचानक मोठी होऊ शकते. आणि अस्तराचा तुकडा मागे राहिला तर गाठ परत येते. पूर्ण निघाली तर परत येणं फार क्वचित. म्हणजे माझं नाव चुकलं तरी शस्त्रक्रिया तीच झाली असती. हे समाधान आहे, पण थोडं नशिबाचंही. गाठ तोंडातली आहे म्हणून शरीरात दुसरीकडे अशीच पिशवी असेलच असं नाही. तरी मी पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करून घेतला, दोन्ही स्वच्छ होते.

त्याच संध्याकाळी रेडिऑलॉजिस्ट सहकाऱ्यासोबत बाळाची जुनी सोनोग्राफी पडद्यावर लावली. 'दोन थरांची वाटते.' एका चित्रात ते अगदी स्पष्ट होतं: आत उजळ रेघ, बाहेर काळसर रेघ. श्लेष्मल थर आणि स्नायूचा थर. आतड्याची भिंत सोनोग्राफीत अशीच दिसते, पोटातल्या डुप्लिकेशन सिस्टचं निदान आम्ही याच खुणेवरून करतो. हीच भिंत पोटात दिसली असती तर मी क्षणात ओळखली असती. तोंडात दिसली म्हणून पाहूनही पाहिली नाही. सहकारी काही बोलले नाहीत. अहवाल त्यांनीच लिहिला होता.

पाचवा महिना

दोन आठवड्यांनी जखम भरली. वर्षाचा झाला तेव्हा वजन ८.७ किलो, पंधराव्या शततमकाच्या रेषेवर. घरघर बंद. आणि मग शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात आईचा फोन: "डॉक्टर, परत आली."

संध्याकाळीच बोलावलं. मध्यरेषेच्या डावीकडे, टाक्यांच्या रेषेलगत, ४ मिलिमीटरचा फुगा. या वेळी निळसर, पारदर्शक, बॅटरीच्या उजेडात काचेच्या मण्यासारखा. सोनोग्राफीत खोलवर काही नाही, भिंतीला थर नाहीत. शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ एखाद्या बारीक लाळनळीचं तोंड आखडलं होतं आणि मागे लाळ तुंबली होती, बहुधा. म्हणजे फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेल्या आजाराचा छोटा भाऊ आता कुठे खरोखर अवतरला होता.

आईनं पर्स घट्ट धरून विचारलं, "सुईनं काढणार?"

मी नाही म्हटलं. दूध नीट पितो आहे, झोपतो आहे, वजन वाढतं आहे. दर आठवड्याला एक फोटो पाठवा, १० मिलिमीटरच्या वर गेला किंवा पिताना त्रास दिसला तर त्याच दिवशी या. पहिल्या फोटोत तो तेवढाच होता. दुसऱ्यात किंचित मोठा, आणि माझा हात फोनकडे गेला होता, हे कबूल करतो. तिसऱ्या आठवड्यात फोटोऐवजी निरोप आला: सकाळी दूध पिताना फुटला, थोडं चिकट पाणी आलं, आता काही दिसत नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, तळ स्वच्छ होता. फाइलवरचं 'रॅन्युला' मी खोडलं नाही, त्याच्या खाली तारीख घालून दुसरं नाव लिहिलं.